तीन लाखांत जुनी ऑटोमॅटिक: आधी गिअरबॉक्स निवडा, गाडी नंतर

प्रश्न थोडक्यात असा: बजेट तीन लाख. गाडी आई चालवणार, वय साठीच्या पुढे, डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, म्हणून क्लच नको. पुण्यातल्या पुण्यात रोज वीसेक किलोमीटर, त्यात सिंहगड रोडची गर्दी, आणि सोसायटीचं पार्किंग तळघरात, चढ्या रॅम्पचं. यादीत ब्रिओ, आय10, ग्रँड आय10, सेलेरिओ, मायक्रा आणि पोलो जीटी टीएसआय. कुठली घ्यावी आणि बघायला जाताना काय तपासावं?

तुम्ही यादी गाड्यांची केलीत. ती गिअरबॉक्सची करा, म्हणजे निम्मा गोंधळ संपतो. दहा-बारा वर्षांच्या छोट्या पेट्रोल गाडीत इंजिनाचा खर्च बहुधा आवाक्यात राहतो. खिसा रिकामा करतो तो गिअरबॉक्स. तुमच्या सहा गाड्यांत चार वेगवेगळ्या जातींचे ऑटोमॅटिक आहेत. ब्रिओ, आय10 आणि ग्रँड आय10 यांत टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून पुढे नेणारी पद्धत (ब्रिओला पाच गिअर, ह्युंदाईच्या दोन्हींना चार). सेलेरिओत एएमटी (यंत्राने चालवलेला मॅन्युअल गिअरबॉक्स), मायक्रात सीव्हीटी (पट्टा आणि पुलींचा) आणि पोलोत दोन कोरड्या, म्हणजे ऑइलमध्ये न बुडलेल्या, क्लचांचा सात गिअरचा डीएसजी.

पोलो जीटी टीएसआय यादीतून काढा. चालवायला सहाही गाड्यांत सर्वांत मजेदार तीच, 1.2 टर्बो इंजिन, 105 पीएस. पण त्यातला डीएसजी गिअरबॉक्स (डीक्यू200) बंपर-टू-बंपर गर्दीसाठी नाही. दोन्ही क्लच कोरडे आहेत. सरपटत्या गर्दीत ते सारखे अर्धवट घासत राहतात, तापतात आणि थरथर सुरू होते. त्याहून महाग दुखणं मेकॅट्रॉनिकचं, म्हणजे व्हॉल्व्ह, पंप आणि कंट्रोल युनिट एकत्र असलेल्या भागाचं. तो बदलायची वेळ आली तर तुमच्या बजेटचा मोठा हिस्सा एका बिलात जातो.

मायक्रा सीव्हीटी वाईट नाही. गर्दीत ती सगळ्यांत गुळगुळीत चालते. पण सीव्हीटी म्हणजे दोन पुलींमध्ये आवळलेला पोलादी पट्टा, आणि त्या पट्ट्याचं आयुष्य सगळं ऑइलवर. ऑइल वेळेवर बदलल्याची बिलं असतील तरच विचार करा; नसतील तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. पट्टा एकदा घसरला की पुलीवर ओरखडे पडतात, आणि मग दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा अख्खा गिअरबॉक्स. शिवाय मायक्रा भारतातून 2020 मध्ये गेली. सुटे भाग मिळतात, पण वाट पाहावी लागते.

आता खरी निवड: एएमटी की टॉर्क कन्व्हर्टर.

सेलेरिओ फेब्रुवारी 2014 मध्ये आली तेव्हा स्वस्त ऑटोमॅटिकचा अर्थच बदलला. आत साधाच पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे आणि साधाच एक क्लच. फरक एवढाच की क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम हायड्रॉलिक ॲक्चुएटर करतो. त्यामुळे मायलेज मॅन्युअलइतकंच. कागदावर 23.1, गर्दीत 14-15 धरा. ब्रिओ ऑटोमॅटिकचा कागदावरचा आकडा 16.5 आहे आणि गर्दीत ती 10 च्या आसपास येते; आय10 ही तिथेच किंवा जरा खाली. हिशेब करून बघा: महिन्याला 500, वर्षाला 6000 किलोमीटर. 10 च्या मायलेजला 600 लिटर, 15 च्या मायलेजला 400. पेट्रोल शंभर रुपये धरलं तरी वर्षाला 20 हजारांचा फरक. तो कमी नाही, आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या बाजूने बोलणारे लोक हा आकडा सांगायचं टाळतात.

तरीही तुमच्या घरासाठी मी एएमटी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो, आणि त्याचं कारण तुमचा रॅम्प. चढावर थांबून पुन्हा निघताना एएमटी आधी क्लच जोडतो, मग गाडी उचलतो. त्या क्षणभरात गाडी मागे घसरते. चालक घाबरून रेस वाढवतो, क्लच घासतो, वास येतो. रेसवर गाडी चढात तोलून धरायची सवय असेल तर क्लच निम्म्या आयुष्यातच संपतो. हँडब्रेक ओढून, थोडी रेस देऊन, मग हँडब्रेक सोडायची पद्धत आईंना जमत असेल तर एएमटी चालेल. पण गुडघा दुखणाऱ्या माणसाला रोज दोनदा ही कसरत करायला लावण्यात अर्थ नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ऑइल असतं. ब्रेक सोडला की गाडी स्वतःहून सरकू लागते आणि नेहमीच्या रॅम्पवर बहुधा जागीच तोलून राहते. तळघरातल्या पार्किंगला हाच गुण लागतो. एएमटीत ‘पी’ (पार्किंगची जागा) ही नाही, हे आणखी एक. इंजिन गिअरमध्ये ठेवूनच बंद करायचं आणि हँडब्रेक ओढायचा. सुरू करताना मात्र ब्रेक दाबून ‘एन’ (न्यूट्रल) मध्ये आणायचं.

सेलेरिओच घ्यायची ठरली तर दोन गोष्टी पाहा. इग्निशन चालू केल्यावर पंपाचा बारीक ‘घुंई’ आवाज येऊन बंद झाला पाहिजे. गाडी उभी असताना तो दर काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा येत असेल तर दाब टिकत नाही, म्हणजे ॲक्युम्युलेटर (दाब साठवणारा भाग) दमला आहे किंवा कुठे गळती आहे. दुसरं, क्लच कधी बदलला ते विचारा आणि बिल मागा. क्लच बदलल्यावर स्कॅनर (गाडीच्या कंट्रोल युनिटला जोडायचं यंत्र) लावून तो कुठे पकडतो हे कंट्रोल युनिटला नव्याने शिकवावं लागतं. बाहेरच्या गॅरेजात बऱ्याचदा हे राहून जातं आणि मग नवा क्लच टाकूनही गाडी झटके देते. असे झटके देणारी सेलेरिओ स्वस्तात मिळाली तर ती खरं म्हणजे चांगली खरेदी ठरू शकते, पण आधी स्कॅनरवाला सोबत न्या.

म्हणून पहिली पसंती ब्रिओ ऑटोमॅटिक, दुसरी ग्रँड आय10, तिसरी आय10 1.2 कप्पा (कप्पा हे इंजिनाचं नाव). ब्रिओचं 1.2 इंजिन 88 पीएसचं आणि गिअर पाच, त्यामुळे ती चार गिअरच्या ह्युंदाईपेक्षा मोकळी पळते. होंडाचा हा गिअरबॉक्स आतून वेगळा आहे: ग्रहमालेसारखे प्लॅनेटरी गिअर नाहीत, मॅन्युअलसारखे समांतर शाफ्ट आणि प्रत्येक गिअरला आपला क्लच पॅक, म्हणजे क्लच प्लेटचा गठ्ठा. तो दणकट आहे, पण ऑइलच्या बाबतीत हट्टी. डिकी मात्र नावालाच, 175 लिटर, आणि मागचं दार अख्खं काचेचं. ठोकलेलं असेल तर बदलायला महाग, म्हणून कडा आणि बिजागऱ्या नीट बघा. ग्रँड आय10 मध्ये जागा जास्त, गाडी बसायला थोडी उंच, पार्ट आणि गॅरेज कुठेही. आईंना चढता-उतरताना ब्रिओची सीट खाली वाटली तर वाद न घालता ग्रँड आय10 घ्या. कुठलीही घेतलीत तरी एअरबॅग आणि एबीएस त्या व्हेरिएंटला आहेत का हे गाडीवरच तपासा. जुन्या खालच्या व्हेरिएंटना ते नाहीत. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगसाठी होंडाने भारतातही गाड्या परत बोलावल्या होत्या, तेव्हा ब्रिओचा चॅसिस नंबर कंपनीकडे टाकून काही काम बाकी नाही ना ते पाहून घ्या.

आता तपासणी. विकणाऱ्याला आधी सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका, थंडच हवी. तुम्ही पोचलात आणि बॉनेट गरम लागलं तर समजा की थंड इंजिनातलं दुखणं झाकलं गेलं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी जा.

गिअरबॉक्स ऑइलची डिपस्टिक, म्हणजे पातळी दाखवणारी पट्टी, गाडी फिरवून आल्यावर पाहायची; तिची रीत दोन्ही कंपन्यांची वेगळी आहे, आणि इथे चुकलात तर चांगलं ऑइलही कमी दिसतं. ह्युंदाईत गाडी फिरवून गरम करायची, सपाटीवर ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांतून एकदा फिरवायचा, ‘एन’ मध्ये आणायचा आणि इंजिन चालू असताना पातळी बघायची. ती ‘हॉट’ खुणेत हवी. होंडात उलट: गरम करून इंजिन बंद करायचं आणि मिनिट-दीड मिनिटाच्या आत डिपस्टिक काढायची. ऑइल पांढऱ्या टिश्यूवर टिपा. लालसर किंवा फिका तपकिरी रंग चालतो. काळं आणि जळका वास म्हणजे क्लचची फ्रिक्शन लाइनिंग जळली आहे. तिथेच नमस्कार करून निघा. गुलाबी आणि फेसाळ, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं असेल तर ते त्याहून वाईट. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्याच टाकीत असते. ती फुटली की कुलंट आणि ऑइल मिसळतं. पाण्याने क्लच प्लेटवरची लाइनिंग चिकटवलेला डिंक सुटतो. नुसतं ऑइल बदलून असा गिअरबॉक्स वाचत नाही, पुढच्या काही महिन्यांत तो बसतोच. रेडिएटरचं झाकण उघडून कुलंटवर तेलाचा तवंग आहे का हेही बघा, पण इंजिन थंड असतानाच.

पण सुरुवात थंड इंजिनाने: ते सुरू करा. ब्रेक दाबून ‘एन’ वरून ‘डी’. साधारण एका सेकंदात गाडीने हलकी ओढ दिली पाहिजे. दोन-तीन सेकंद काहीच नाही आणि मग दणका, म्हणजे आत दाब उशिरा तयार होतो: ऑइल कमी आहे, सोलनॉइड (ऑइलच्या वाटा उघडणारे विजेचे व्हॉल्व्ह) अडकतात किंवा सील कडक झाले आहेत. ‘आर’ (रिव्हर्स) लाही हेच करून बघा. पण वेळेवर गिअर पडून फक्त ‘धप्प’ होत असेल तर गिअरबॉक्सला दोष देऊ नका. आधी इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन धरणारे रबरी आधार, बघा. रबर फाटलं की इंजिन डुलतं आणि धप्प होतं. मग आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, बघा. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) घाण झाली की इंजिन उभ्या जागी कधीकधी जास्त फिरतं आणि गिअर टाकताना झटका बसतो. ही दोन्ही कामं काही हजारांची आहेत, आणि या एका आवाजावर किंमत बरीच खाली आणता येते.

रस्त्यावर हलक्या रेसने निघा. पहिला ते शेवटचा प्रत्येक गिअर मोजा. आरपीएमचा काटा प्रत्येक बदलाला खाली आला पाहिजे. काटा वर उडाला आणि मग खाली आला तर तो क्लच पॅक घसरतो. मग 50 ते 60 वर रेस स्थिर ठेवून मिनिटभर जा. खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी बारीक थरथर आली तर दोष टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचचा आहे, म्हणजे स्थिर वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचचा. सुरुवातीच्या अवस्थेत ती नुसत्या ताज्या ऑइलने जाते, पुढच्या अवस्थेत कन्व्हर्टर खोलावा लागतो. एकदा रेस पूर्ण दाबा. गाडीने एक गिअर खाली येऊन ओढलं पाहिजे. शेवटी 20-25 मिनिटं गर्दीत, एसी लावून. गरम झाल्यावर ऑइल पातळ होतं, आणि जे दोष गाडी थंड असताना लपतात ते इथे बाहेर येतात. विकणारा दहा मिनिटांत परत चला म्हणाला तर त्याचं कारण बहुतेक हेच. स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून रेस पूर्ण देणं, कुणी फिटर सुचवेल; दुसऱ्याच्या दहा वर्षं जुन्या गाडीवर ती करू नये.

स्कॅनर लावल्याशिवाय पैसे देऊ नका. पी0700 हा दोषाचा कोड दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटने तक्रार नोंदवली आहे. त्यात शिरून बघावं लागतं. पी0741 लॉकअपचा, पी0731 ते पी0734 त्या त्या गिअरचं गुणोत्तर चुकल्याचे. कोड एकही नाही पण सगळे मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या) ‘अपूर्ण’ दाखवत असतील तर कुणीतरी सकाळीच कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे.

एक स्वस्त बिघाड लक्षात ठेवा, कारण त्यावर लोक हजारो रुपये वाया घालवतात: ब्रेक लाइटचा स्विच. पेडलच्या वरचा हा छोटा पार्ट गेला की गाडीला ब्रेक दाबल्याचं कळतच नाही. मग लिव्हर ‘पी’ मधून निघत नाही, एएमटी सुरूच होत नाही, आणि निदान होतं ‘गिअरबॉक्स गेला’. आधी मागे कुणाला उभं करून लाल दिवे लागतात का बघा.

पुराची गाडी ओळखणं वेगळं. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालं. अशा पाण्यातून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ असते. सीटचे रूळ, डॅशबोर्डखालचे स्क्रू, स्पेअर टायरचा खड्डा यांवर गंज शोधा. ऑटोमॅटिकला पूर जास्त बाधतो, कारण गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून पाणी आत जातं आणि वर सांगितलेला डिंक सुटतो तो असाही.

गाडी घेतल्यावर पहिलं काम गिअरबॉक्स ऑइल, विकणारा ‘आत्ताच बदललंय’ म्हणाला तरी. ब्रिओला होंडाचंच एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) डीडब्ल्यू-1, ह्युंदाईच्या चार गिअरला एसपी-थ्री. एसपी-फोर सहा गिअरसाठीचं आहे. दुकानदार ‘नवीन आहे, चांगलं आहे’ म्हणून देईल, घेऊ नका. सगळ्या गाड्यांना चालणारं असं लिहिलेला डबाही नको.

ड्रेन प्लग उघडल्यावर सगळं ऑइल येत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये आणि वाटांमध्ये राहतं. एका वेळी 40 टक्के बदलतं असं धरा: पहिल्यांदा 40, दुसऱ्यांदा 64, तिसऱ्यांदा 78 टक्के नवं. म्हणून तीनदा बदला, मध्ये आठवडाभर गाडी वापरून. होंडाचा ड्रेन प्लग तीन-अष्टमांश इंची चौकोनी ड्राइव्हने थेट उघडतो, सॉकेट लागत नाही. त्याच्या चुंबकावर काळा मऊ लेप असणं साहजिक आहे, बोटाला टोचणारे धातूचे तुकडे नकोत. वॉशर दर वेळी नवा. जेवढं निघालं तेवढं मोजून भरा आणि मग डिपस्टिकने पातळी जुळवा. मशीन लावून दाबाने फ्लश करायचा सल्ला मिळेल. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या गिअरबॉक्सला तो नको. तळाची घाण उचलून व्हॉल्व्ह बॉडीच्या (गिअरबॉक्समध्ये ऑइल वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत बसते, आणि तोवर बरा चालणारा गिअरबॉक्स झटके देऊ लागतो. त्यानंतर दर 40 हजार किलोमीटरला बदललंत तरी पुरे.

म्हणजे तीन लाखांतली गाडी अडीच-पावणेतीन लाखांचीच घ्या. उरलेले ऑइल, माउंटिंग, कुलंट, ब्रेक ऑइल आणि बॅटरीत जातील. बॅटरीत कंजुषी नको: ही गाडी धक्का मारून सुरू होत नाही.

कागदांत वयावर लक्ष ठेवा. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. नंतर फिटनेस, पुनर्नोंदणीचं शुल्क आणि पर्यावरण कर. म्हणून 2013 च्या आधीची आय10 कितीही नीटनेटकी दिसली तरी तिचा भाव त्या हिशेबाने करा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, हस्तांतरणाला फॉर्म 29 आणि 30. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) पाटी बसली आहे का तेही बघा. इन्शुरन्स 14 दिवसांत नावावर करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो फरक भरावा लागतो. दिल्ली किंवा परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरला की तो फायदा बराचसा जातो. या काळातल्या गाड्या 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल डोळ्यापुढे ठेवून बनवलेल्या नाहीत, तेव्हा दर सर्व्हिसला पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि जोड तडकले-पाझरले नाहीत ना हे बघायला सांगा.

आईंना दोन सवयी पहिल्या दिवशी लावा. डावा पाय बाजूलाच ठेवायचा. ब्रेक आणि रेस दोन्ही उजव्या पायाने. आणि उभी करताना ब्रेक दाबलेला ठेवून आधी हँडब्रेक, मग ‘पी’. रॅम्पवर नुसत्या ‘पी’ वर गाडी सोडली तर सगळा भार आतल्या एका छोट्या दातेरी खिट्टीवर येतो, आणि सकाळी लिव्हर काढताना ‘खट्’ आवाज येतो. गाडी कधी बंद पडली तर दोरी बांधून ओढू देऊ नका: इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही आणि आतले भाग ऑइलशिवाय घासतात. पुढची चाकं उचलून न्यायला सांगा, नाहीतर सपाट ट्रकवर चढवून.